आमचं राजघराणं

आजा मढच्या पारावर बसला की आमचं घराणं थेट सातवाहनांना नेऊन भिडवायचा. नाणेघाटातल्या लेखात नागनिका राणीनं यज्ञात हजारो गाई दान दिल्याचं कोरलंय. "त्या गाई वळल्या कुणी? आपणच!" देवगिरीचे यादव, मग बहमनी, हे दोन्ही तो एका चिमूट तंबाखूत उरकायचा. जीव सगळा निजामशाहीवर. १४९० ला मलिक अहमदनं जुन्नरात स्वतंत्र गादी मांडली. फरिश्ता लिहितो, त्याचा बाप मूळचा ब्राह्मणाचा पोर, घराणं पाथरीचं. "म्हंजी बादशहाचा आजा भटजी. मग आपला आजा राजा असाया काय हरकत हाय?"

शहाजीराजांनी जीवधनावरून लहानग्या मुर्तजाला सोडवून पेमगिरीला गादीवर बसवलं, तेव्हा पोराला खांद्यावर घेणारा म्हणे आमचाच. १६३६ ला निजामशाही बुडाली. खांदा तेवढा राहिला.

एकदा मी विचारलं, "१६५७ ला महाराजांनी जुन्नर लुटलं, तवा आपला माणूस कुठं होता? आत का भाईर?"

आजा गप्प झाला. मग म्हणाला, "लिवणारं आपल्यात कुणी नव्हतं, बाळा."

आमच्या घराण्याचं नाव कागदावर मी पहिल्यांदा वाचलं ते पिंपळगाव जोगे धरणात जमीन गेली तेव्हा. दोन खाचरं, चार आंबे. आज्यानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि अंगठा केला.