लेखनसीमा

नोकरी सुटते, हुद्दा सुटत नाही. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा भाच्याने घरच्या संगणकावर थंडरबर्ड नावाची टपालाची सोय करून दिली. तीत सहीसाठी एक चौकोन असतो. एकदा भरला की प्रत्येक पत्राखाली तोच मजकूर आपोआप उमटतो. चौकोन पाहताच माझ्यातला उपव्यवस्थापक खडबडून जागा झाला. नाव, पदवी, हुद्दा (त्यापुढे कंसात बारीकसं ‘निवृत्त’), दोन ओळींचा पत्ता, दोन फोन आणि एक सुविचार. झाल्या आठ ओळी!

पण पत्रात पाहतो तो काय, सहीच्या डोक्यावर दोन आडव्या रेघा आणि खाली माझा हुद्दा फिक्कट करड्या रंगात.

“काय रे, शाई संपली का?”

“मामा, तो रिवाज आहे.”

“मग काढून टाक तुझा रिवाज!”

बिचाऱ्याने सेटिंगच्या तळघरात उतरून रेघा काढल्या.

रिवाज मात्र खरा निघाला. १९८० साली सुरू झालेल्या यूजनेट नावाच्या चावडीवर लोक सहीत किल्ले काय, तलवारी काय, वाटेल ते टंकून काढत. शेवटी १९९५ च्या ऑक्टोबरात आर.एफ.सी. १८५५ या शिष्टाचाराच्या टिपणाने बजावलं, की सही चार ओळींपेक्षा मोठी नको; कित्येकजण जोडणीचे पैसे मिनिटागणिक मोजतात. दोन रेघा आणि त्यांच्यापुढे एक मोकळी जागा, ही खूण दिसली की यंत्र समजतं, मजकूर संपला; उत्तर देताना खालचं सगळं गाळतं. मोकळी जागा विसरलात तर खूण फुकट. न दिसणाऱ्या गोष्टीला एवढा मान मी फक्त सरकारी खात्यात पाहिला होता!

आपल्याकडे हे काम मोर्तब करी. शिवाजी महाराजांच्या पत्राअखेरीस ‘मर्यादेयं विराजते’, पेशव्यांच्या पत्राअखेरीस ‘लेखनसीमा’. हेतू हा, की खाली कुणी परभारे काही घुसडू नये. (१९९६ साली निघालेल्या हॉटमेलने तर गिऱ्हाइकांच्या पत्रांखाली स्वतःचीच जाहिरात घुसडली. पेशवाईत हात कलम झाले असते.) मोर्तब पत्राला इतरांपासून वाचवी; या रेघा वाचणाऱ्याला माझ्यासारख्यांपासून वाचवतात.

हे ज्ञान मला उशिरा झालं. नागपूरच्या बालमित्राशी पत्रापत्री चालली होती. तो उत्तर सगळ्यात तळाशी लिहायचा. रेघा नसल्यामुळे माझी प्रत्येक सही त्याच्या उत्तरात जशीच्या तशी परत यायची. पाच पत्रं, चाळीस ओळी हुद्दा! स्वतःचंच नाव किती वेळा वाचणार? मी अर्ध्यावर थांबलो. तळाशी त्याने लिहिलं होतं, “सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. घरी कुणी नाही. येशील का?”

गुरुवारी फोन केला. म्हणाला, “शेजारी आला होता. तू साहेब माणूस, कामात असशील.”

त्याच रात्री भाच्याकडून रेघा परत बसवून घेतल्या. चौकोनात आता नुसतं नाव आहे, तेही घरचं.

“मामा, निदान पत्ता तरी?”

“त्याला पाठ आहे,” मी म्हणालो.

पत्र पाठवून आठ दिवस झाले. उत्तर यायचं आहे. आलेलं प्रत्येक पत्र मी हल्ली तळापासून वाचतो.