अंसफलकाच्या इजा व मानदुखी : सातारा–सांगली परिसरातील निदान व उपचार यांचा इतिहास

अंसफलक म्हणजे खांद्याचे पाते. पाठीच्या वरच्या भागात, दुसऱ्या ते सातव्या फासळीच्या पातळीवर असलेले हे चपटे व त्रिकोणी हाड होय. त्याला सतरा स्नायू जोडलेले असून त्यांपैकी काही थेट मानेच्या मणक्यांपासून निघतात. मानेतील तंत्रिका याच भागातून हातात उतरतात. त्यामुळे मानेतील विकाराची वेदना पुष्कळदा पात्याजवळ जाणवते आणि पात्याची हालचाल बिघडली की मान दुखू लागते. या दोहोंचे निदान एकत्र करावे लागते ते यामुळेच. कुस्ती व ओझ्याची कामे यांची दीर्घ परंपरा असलेल्या सातारा व सांगली या जिल्ह्यांत या दुखण्यांना सामाजिक इतिहासही आहे.

प्राचीन ज्ञान : सुश्रुतसंहितेत अस्थींचे प्रकार सांगताना खांद्याचे हाड ‘कपाल’ म्हणजे चपट्या अस्थींत गणले आहे आणि अशा अस्थी वाकत नाहीत, तर फुटतात, असे म्हटले आहे. मर्मांच्या वर्णनात ‘अंसफलक’ या मर्मावर आघात झाल्यास बाहू बधिर होतो व सुकतो, तर ‘अंस’ मर्मावरील आघाताने तो ताठरतो, असे सांगितले आहे. तंत्रिकांच्या इजेनंतर हाताला येणारी बधिरता व स्नायूंची क्षीणता यांच्याशी हे निरीक्षण जुळते. निखळलेला खांदा बसविताना काखेत मुसळ देऊन ती वर उचलावी व नंतर स्वस्तिकबंध बांधावा, असा विधी त्यात आहे. मान वळली वा आत दबली असता मानेची मागील बाजू व हनुवटी धरून रोग्यास उचलावे, कुशा (फळ्या) लावून पट्टा गुंडाळावा आणि सात रात्री उताणे निजवावे, असेही सांगितले आहे. मान स्थिर ठेवण्याचे हे तत्त्व आजही मान्य आहे. ओढून उचलण्याची कृती मात्र मेरुरज्जूला इजा करू शकत असल्याने आता त्याज्य ठरली आहे.

तालीम व हाडवैद्य : कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकले की तो चीत होतो, म्हणजे खांद्याची पाती हीच हारजितीची खूण होय. कलाजंग, ढाक, धोबीपछाड अशा डावांत मल्ल खांद्यावर वा मानेवर आपटण्याचा संभव असतो. म्हणूनच तालमीत जोर व मानेचे व्यायाम यांना महत्त्व दिले जाते आणि आखाड्यातील माती उकरून मऊ केली जाते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कराडजवळील गोळेश्वरचे. गणपतराव आंदळकर व मारुती माने हे ख्यातनाम मल्ल सांगली जिल्ह्यातले.

मल्ल जखमी झाला की उपचार प्रथम वस्तादाकडून व मग हाडवैद्याकडून होत. तेलाने चोळणे, हळद व आंबेहळद यांचा लेप, बांबूच्या कामट्या व कापडी पट्टा ही त्यांची साधने. साध्या मुरगळण्यात व न सरकलेल्या अस्थिभंगात यांचा उपयोग होई, कारण अशा इजा विश्रांतीनेच पुष्कळशा भरून येतात. परंतु आत काय मोडले आहे, हे बोटांच्या स्पर्शावरून पूर्णपणे कळत नसे. अंसफलक जाड स्नायूंखाली दडलेले असल्याने तेथील मोड तर सहज निसटे.

रुग्णालयांचा उदय : कॅनडात जन्मलेले मिशनरी शल्यचिकित्सक विल्यम वानलेस 1889 मध्ये सांगलीस आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेस रुग्णालय सुरू केले. पुढच्याच वर्षी, 1895 मध्ये, जर्मनीत व्हिल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. या किरणांचा वापर जगभर रूढ झाल्यावर हाडाचा मोड न उघडता पाहता येऊ लागला. मिरजेस 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले आणि कराड येथे 1984 मध्ये कृष्णा वैद्यकीय संस्था सुरू झाली. मिरजेतील अस्थिशल्यचिकित्सक जी. एस. कुलकर्णी यांनी संपादिलेला अस्थिशल्यविज्ञानावरील बृहद्ग्रंथ देशभर वापरला जातो. अशा रीतीने एकेकाळी हाडवैद्यावर विसंबलेला हा प्रदेश अस्थिचिकित्सेचे एक केंद्र बनला.

ओझे व मान : माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. मुंबईच्या बाजारपेठांतील माथाडी कामगारांत सातारा–सांगलीकडील लोक मोठ्या संख्येने होते. त्यांचे संघटक अण्णासाहेब पाटील (1933–82) हे पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळेचे. सांगलीच्या हळद व गुळाच्या पेठेतही हमालांचे श्रम असेच. पूर्वी पोती शंभर किग्रॅ.पर्यंत वजनाची असत. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1967 मध्ये प्रौढ पुरुषासाठी 55 किग्रॅ. ही कमाल मर्यादा शिफारसिली. असे ओझे वर्षानुवर्षे वाहिल्याने मणक्यांमधील चकत्या झिजण्यास हातभार लागू शकतो. खांद्यावरील सततच्या दाबाने छातीच्या बाजूने जाणारी लांब तंत्रिका दुखावल्यास पाते पंखासारखे बाहेर येते व हात डोक्यावर उचलणे कठीण होते. महाराष्ट्र शासनाने 1969 मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी अधिनियम केला. त्याने नोकरीचे नियमन व कल्याण यांची सोय झाली. कामगाराच्या मानेचे दुखणे हा केवळ त्याच्या नशिबाचा भाग न राहता समाजाच्या जबाबदारीचा विषय झाला.

निदान : अंसफलक मोडण्यास मोठा आघात लागतो. एकूण अस्थिभंगांत त्याचे प्रमाण शेकडा एकाहून कमी आहे. पण ते मोडले असता फासळ्या, फुप्फुस, जत्रू (गळ्याजवळचे हाड) व भुजेकडील तंत्रिकाजाल यांची तपासणी अवश्य करावी लागते. प्रथम क्ष-किरण चित्र व सांध्याची खोबण फुटल्याचा संशय असल्यास संगणकीय छेदचित्रण करतात. तंत्रिकेवरील दाब चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाने दिसतो. पात्याजवळची प्रत्येक वेदना मात्र हाडाची नसते. हृदय, पित्ताशय वा फुप्फुस यांच्या विकारांतही ती उद्भवते. दीर्घकाळची मानदुखी, ताप व वजन घटणे ही लक्षणे एकत्र आढळल्यास मणक्याच्या क्षयाचा विचार करावा लागतो.

उपचार : अंसफलकाचे बहुतेक मोड झोळी, वेदनाशामके व दोन-तीन आठवड्यांनंतर क्रमाने वाढविलेली हालचाल यांनी बरे होतात, खोबण सरकली असेल तर शस्त्रक्रिया लागते. साधी मानदुखी बहुधा काही आठवड्यांत कमी होते. तीत दीर्घ विश्रांतीपेक्षा बेताची हालचाल, स्नायूंचा व्यायाम व बसण्या-उचलण्याच्या पद्धतीत सुधारणा हितकर ठरतात.

याउलट न्हाव्याकडून वा अन्य अप्रशिक्षित व्यक्तीकडून झटक्याने ‘मान मोडून’ घेण्याची रूढी धोक्याची आहे. तीमुळे मेंदूकडे जाणारी रोहिणी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदली आहेत. आखाड्यात वा अपघातात पडलेल्या व्यक्तीस हातापायांत अशक्तपणा, बधिरता वा लघवीची अडचण असेल, तर तिला चोळू वा उठवून बसवू नये. मान स्थिर ठेवून फळीवरून रुग्णालयात न्यावे. सुश्रुताची फळी, हाडवैद्याच्या कामट्या व आजची मानपट्टी यांमागील हेतू एकच आहे. फरक हा, की आज इजेचे स्वरूप पाहून मगच हात लावता येतो, आणि पुष्कळदा हातपाय शाबूत राहणे त्यावरच अवलंबून असते.