हॅटफिल्डच्या वाड्यात वीज येते

१८८२ सालच्या हिवाळ्यातली संध्याकाळ. लंडनहून आगगाडीने तुम्ही हॅटफिल्डला उतरला आहात. समोर १६११ साली पुरा झालेला सेसिल घराण्याचा लाल विटांचा वाडा. घराण्याचा आजचा कर्ता, तिसरा मार्क्विस ऑफ सॉल्सबरी, तुमच्यासमोर बसला आहे. धिप्पाड, पोक काढलेला, छातीवर दाट दाढी. नजर इतकी अधू, की आपल्या गोटातली माणसंही त्याला ओळखू येत नाहीत. तुम्हाला कुठून ओळखणार!

वर पाहा. छताखालून उघड्या तारा गेल्यात. वीज आणण्याची हौस त्याचीच. विज्ञानाचं वेड इतकं, की वाड्यात स्वतःची प्रयोगशाळा आहे. एवढ्यात चर्र आवाज होतो, ठिणग्या पडतात, तार पेटते. तुम्ही दचकून उठता. पण घरची मंडळी उशा उचलून वर फेकतात, आग विझते आणि अर्धवट राहिलेलं बोलणं तिथूनच पुढे सुरू होतं. बागेतला एक कामगार अशाच तारेला हात लागून मेला, हे तुम्हाला मागाहून कळतं. हौस मालकाची, जीव गड्याचा.

सॉल्सबरी जन्माने वारस नव्हता. १८५७ साली वडिलांचा विरोध पत्करून त्याने एका न्यायाधीशाच्या मुलीशी, जॉर्जिना ऑल्डरसनशी लग्न केलं आणि नियतकालिकांत लिहून संसार चालवला. थोरला भाऊ वारला, तेव्हा वारसा याच्याकडे आला. लेखणीची धार मात्र उतरली नाही. १८७५ साली भारतमंत्री असताना त्याने टिपणात लिहिलं, की हिंदुस्थानचं रक्त काढायचंच तर जिथे ते साचलंय तिथे काढावं, आधीच अशक्त झालेल्या खेड्यांतून नको. त्याच साली पुणे-नगरकडे शेतकरी सावकारांचे कर्जरोखे जाळत होते. दादाभाई नौरोजींनी हे टिपण पुढे त्याच्याच सरकारविरुद्ध वारंवार वापरलं.

आता चला एडिनबर्गला. ३० नोव्हेंबर १८८८. सॉल्सबरी पंतप्रधान आहे आणि भरसभेत बोलतोय. १८८६ साली पार्लमेंटच्या निवडणुकीत होबर्नमध्ये दादाभाई का हरले, तर इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देण्याइतके अजून पुढे गेलेले नाहीत, असं तो सांगतो. सभेत हशा पिकतो. तुम्ही दादाभाईंना पाहिलेलं असेल तर तुम्हालाही हसू येईल, वेगळ्या कारणाने: दोघांना शेजारी उभं केलं तर पारशी गृहस्थच उजळ दिसतील. घरात जिवंत तार खेळवायला न भिणारा हा माणूस पार्लमेंटच्या दारात मात्र असा बिचकतो.

‘काळा माणूस’ या शब्दांनी दादाभाई घरोघरी पोचले. जुलै १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ते निवडून आले, तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी. ऑगस्टमध्ये सॉल्सबरीने सत्ता सोडली. १८९५ साली तो परतला आणि दादाभाई पडले. पण त्या निवडणुकीत बेथनल ग्रीनमधून आणखी एक हिंदी माणूस पार्लमेंटात गेला: मुंबईचा मंचेरजी भावनगरी, सॉल्सबरीच्याच पक्षाचा उमेदवार.