गाठ मूत्रपिंडात, बिघाड रक्तात

मूत्रपिंडाच्या कर्करोगावर ‘फसवा आजार’ असा शिक्का फार पूर्वीच बसला. लघवीतून रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारी गाठ ही पुस्तकातली तीन लक्षणं एकत्र क्वचितच दिसतात. उलट कुणाचं हाड जरा धक्का लागताच मोडतं, कुणाच्या नाकातून वारंवार रक्त येतं, कुणाला गळ्याशी थायरॉइडमध्ये गाठ येते आणि तपासाअंती तिचं मूळ मूत्रपिंडात सापडतं. तरीही इतिहास चाळला की हा शिक्का आजारापेक्षा वैद्यकालाच जास्त शोभतो असं वाटतं. 1883 साली पाउल ग्राविट्झ यांनी ही गाठ मूत्रपिंडात भरकटलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या पेशींतून उगवते असं मांडलं, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने 1960 मध्ये ती मूत्रपिंडाच्याच नलिकांतली असल्याचं दाखवेपर्यंत त्या मताचा पगडा पुरता सुटला नव्हता. मूळ घराबद्दलच घोळ असताना बाहेरगावच्या खुणा विचित्र वाटल्या, यात नवल ते काय!

त्या खुणांना नियम आहे हे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या एका रुग्णाने दाखवून दिलं. मूत्रपिंडाचा कर्करोग कमरेच्या हाडात उतरला होता आणि रक्तात कॅल्शियम वाढलं होतं. गाठ हाड पोखरते, म्हणून कॅल्शियम रक्तात सांडतं, असा सरळ हिशेब कुणीही केला असता. तिथले डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांची नजर मात्र फॉस्फेटवर गेली. हाडात दोन्ही असतात; नुसतं हाड झिजत असेल तर फॉस्फेटही वाढायला हवं, पण ते कमी होतं. हे चित्र पॅराथायरॉइड ग्रंथीच्या विकाराचं. तेव्हा गाठच त्या ग्रंथीसारखा स्राव करत असावी, असा तर्क त्यांनी 1941 मध्ये केला. हाडातल्या गाठीवर किरणोपचार झाल्यावर कॅल्शियम उतरलंही होतं. तसं प्रथिन हाती यायला मात्र 1987 उजाडलं.

यावर कुणी म्हणेल, हे पश्चातबुद्धीचं शहाणपण आहे. कॅल्शियम वाढल्याने येणारी तहान, बद्धकोष्ठता, थकवा एवढ्यावरून मूत्रपिंड कुणाला आठवणार? आणि आता सोनोग्राफी, सीटी स्कॅन असताना लक्षणांचा खल हवा कशाला? पहिला आक्षेप बराचसा मान्य करायला हवा. दुसरा अर्धाच खरा आहे. पोटाच्या भलत्याच तक्रारीसाठी केलेल्या सोनोग्राफीत आज अशा कितीतरी गाठी लक्षणांआधीच सापडतात. पण गाठ दूरवर काय करते आहे, हे त्या चित्रातून कळत नाही. 1961 मध्ये स्टॉफर यांनी नोंदवलेले रुग्ण पाहा. यकृताचे रिपोर्ट बिघडलेले, पण यकृतात कर्करोगाचा मागमूस नाही, आणि मूत्रपिंड काढल्यावर ते रिपोर्ट सुधारू शकतात. बिघडलेला आकडा म्हणजे आजार यकृतात पसरलाच, असं धरून चाललं असतं तर ज्या शस्त्रक्रियेने गुण येण्याची शक्यता होती, तीच नाकारली गेली असती.