नळीपेक्षा बाटली मोठी

मुलांच्या छातीत पू, पाणी किंवा हवा साठली की फासळ्यांमधून जी नळी घालतात तिला डॉक्टर ‘आयसीडी’ म्हणतात, तर वाशीम जिल्ह्यातील कामरगावासारख्या गावांत ‘छातीत नळी टाकली’ एवढेच सांगितले जाते. दोन्ही नावांत मान नळीला मिळाला असला, तरी या उपचाराच्या इतिहासात निर्णायक ठरली ती नळीच्या टोकाशी ठेवलेली पाण्याची बाटली.

नळी जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत नाडीयंत्रांचे 20 प्रकार सांगितले असून जलोदरात पोटातले पाणी नळीवाटे काढण्याची रीतही तिथे दिली आहे, आणि हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रीक ग्रंथांत छातीतला पू बाहेर काढण्याचे वर्णन सापडते. परंतु पोट आणि छाती यांत फरक असा, की फुफ्फुस आणि छातीची भिंत यांमधल्या पोकळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो, त्यामुळे छिद्र उघडे राहिल्यास पू वाहून जातो खरा, पण श्वासागणिक हवा आत ओढली जाऊन फुफ्फुस मिटत जाते. हॅम्बुर्गचे वैद्य गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी 1875 मध्ये नळीचे बाहेरचे टोक पाण्यात बुडवून ठेवले आणि 1891 मध्ये ही पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली. आतले बाहेर पडावे आणि बाहेरचे आत येऊ नये, हे दुहेरी काम साध्या पाण्याने केले.

इतकी सोपी युक्ती रुजायला मात्र महायुद्ध लागले. 1917-18 च्या हिवाळ्यात अमेरिकी लष्करी छावण्यांत न्यूमोनियानंतर छातीत पू झालेल्या सैनिकांची छाती घाईने उघडली जाई आणि त्यांपैकी सुमारे 30 टक्के दगावत. एव्हार्ट्स ग्रॅहम यांचा सहभाग असलेल्या आयोगाने आरंभी छाती उघडी न करता बंद मार्गाने पू काढण्याचा आग्रह धरला, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. दोन फुफ्फुसांमधला हृदयासहित भाग, ज्याला मध्यावकाश म्हणतात, एका बाजूला ढकलला जाणे हे त्या मृत्यूंचे एक मोठे कारण होते, आणि लहान मुलांत हा भाग अधिकच सैल असतो.

नळीची जाडी आजही पॅरिसचे उपकरणकार शारिएर यांच्या मापात, म्हणजे ‘फ्रेंच’मध्ये, मोजतात, एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. पू दाट म्हणून नळी जाड, हा जुना समज मागे पडून आता मुलांत बहुधा 8 ते 12 फ्रेंचची बारीक नळी पुरते, कारण फासळ्यांमधली जागा अरुंद असते आणि जाड नळीने मूल दुखण्यापायी खोल श्वासच घेत नाही.

कामरगावाकडचे मूल अशा नळीसह अकोल्याला किंवा अमरावतीला हलवायचे झाल्यास रुग्णवाहिकेत बाटली छातीच्या पातळीखाली आणि उभीच ठेवावी लागते, आणि बुडबुडे येत असतील तर नळीला चिमटा लावत नाहीत, कारण कोंडलेली हवा तोच मध्यावकाश ढकलते. श्वासाबरोबर नळीतले पाणी वरखाली होत असेल तर वाट मोकळी आहे. ते थांबले तर नळी तुंबली असेल किंवा फुफ्फुस पूर्ण फुलले असेल, आणि यांतले कोणते खरे हे तपासून व क्ष-किरण छायाचित्र पाहून ठरवतात. नळी काढताना जाणत्या मुलाला श्वास रोखायला सांगतात. तान्ह्या बाळाला ते सांगता येत नाही, म्हणून एक जण नळी झटकन ओढतो आणि दुसरा त्याच क्षणी जखम बंद करतो.