मशीन खरं सांगेल ना? कंपवात, पेट-एमआरआय आणि दोनशे वर्षांची गोष्ट

पोस्ट लांबली आहे. पण घरात कुणाचा हात थरथरत असेल, चाल मंदावली असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात नालासोपारा स्टेशनबाहेर ओळखीचा एक रिक्षावाला भेटला. हातात आईची जाडजूड फाइल. कुणीतरी तिला 'पेट-एमआरआय' करायला सांगितलेलं. बायकोच्या बांगड्या गहाण टाकायची तयारी झाली होती. त्याने एकच विचारलं, "दादा, एवढा पैसा ओतल्यावर ते मशीन खरं सांगेल ना?"

मी पत्रकार, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न आमच्याही घरात येऊन गेलाय, म्हणून त्याला तिथल्या तिथे हो किंवा नाही सांगता आलं नाही. त्या प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो आधी सांगतो.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने थरथरणाऱ्या रुग्णांवर एक पुस्तिका लिहिली. त्यात रुग्ण फक्त सहा, आणि त्यातले काही तर त्याने रस्त्यात चालताना पाहिलेले. यंत्र नाही, तपासणी नाही, नुसती नजर. आपल्याकडे आयुर्वेदात 'कंपवात' हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पण मेंदूत नेमकं काय बिघडतं ते कळायला विसावं शतक उजाडलं. १९१९ मध्ये पॅरिसमध्ये त्रेत्याकॉफने दाखवलं की मेंदूच्या मधल्या भागातला एक छोटा काळसर पट्टा या आजारात झिजतो. १९५७ मध्ये स्वीडनच्या कार्लसनने प्राण्यांवरच्या प्रयोगांतून डोपामिन या रसायनाचं काम उलगडलं. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिविक्झने मृत रुग्णांच्या मेंदूत ते कमी असल्याचं दाखवलं.

म्हणजे माणसाचा मेंदू उघडून पाहायचा तर तो गेल्यावरच. जिवंत माणसासाठी डॉक्टरची नजर हेच हत्यार होतं.

या नजरेचं मोठं काम आपल्या मुंबईतही झालंय. डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन १४,०१० माणसं पाहिली. त्यात ४६ जण पार्किन्सनचे निघाले. १९८८ मध्ये हे छापून आलं आणि जगभर त्याची दखल घेतली गेली.

पण नजर चुकते का? चुकते. १९९२ साली लंडनच्या ब्रेन बँकेने शंभर मेंदू तपासले. हयातीत या शंभरही जणांना डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलेला. मेंदू पाहिल्यावर खरे निघाले ७६. बाकीच्यांना दुसरेच आजार होते, काहींना त्याचे चुलतभाऊ म्हणता येतील असे. सुरुवातीला दिसायला सारखे, पण पुढचा रस्ता वेगळा. पार्किन्सनच्या गोळीने जेवढा आराम पडतो, तेवढा त्यांत पडत नाही.

इथून यंत्रांची गोष्ट सुरू होते.

एमआरआय म्हणजे घराचा नकाशा. भिंती कुठे, खोली केवढी, कुठला कोपरा आक्रसला, ते दिसतं. पण चूल पेटली आहे की विझली, ते नकाशात दिसत नाही. ते पेट दाखवतं. शरीरात थोडं किरणोत्सारी औषध टोचायचं आणि मेंदूचा कुठला भाग ते घेतो, कुठला घेत नाही ते टिपायचं. १९८३ साली कॅनडातल्या हॅमिल्टनच्या शास्त्रज्ञांनी या पद्धतीने जिवंत माणसाच्या मेंदूतलं डोपामिनचं काम पहिल्यांदा चित्रात पकडलं.

हे औषध बनवतात फ्लोरिन-१८ पासून. ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात तयार होतं आणि ११० मिनिटांत निम्मं होतं. विरारहून स्लो लोकल पकडून चर्चगेटला उतरेपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो! म्हणून हे औषध साठवून ठेवता येत नाही. ज्या शहरात सायक्लोट्रॉन किंवा त्याच्याजवळ पोहोचायची सोय, तिथेच हा स्कॅन. भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिलं पेट यंत्र २००२ साली परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं. आपल्या पालघर जिल्ह्याला अणू म्हटलं की १९६९ चं तारापूर आठवतं. पण अणूची ही दुसरी बाजूही आपल्याच लोकलच्या मार्गावर आहे.

मग दोन्ही यंत्रं एकत्र का केली? कारण वेगवेगळ्या दिवशी काढलेले फोटो एकमेकांवर तंतोतंत बसवायचे कसे? डोकं जरा हललं तरी गडबड, आणि थरथरणाऱ्या माणसाचं डोकं हलणारच. पण एकत्र करणं सोपं नव्हतं. पेटमधल्या जुन्या प्रकाशनळ्या एमआरआयच्या चुंबकाजवळ कामच करत नव्हत्या. नवे सेन्सर आले, आणि २००६-०७ च्या सुमारास माणसाच्या मेंदूचे एकाच वेळी दोन्ही फोटो निघू लागले. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये असं एकत्रित यंत्र आहे.

आता मुद्द्याचं. खरं सांगतं का?

२०१० साली न्यूयॉर्कच्या गटाने १६७ रुग्णांवर पेट आणि संगणक वापरून निदान ताडून पाहिलं. खऱ्या पार्किन्सनच्या शंभरातले ८४ यंत्राने ओळखले, १६ निसटले. आणि ज्यांना तो आजार नव्हता, अशा शंभरातल्या ९७ जणांना 'नाही' असं बरोबर सांगितलं. म्हणजे यंत्र 'पार्किन्सनच आहे' म्हणालं तर भरवसा मोठा. 'ठरवता येत नाही' म्हणालं तर गोष्ट संपत नाही.

यात एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. हे यंत्र बरोबर की चूक ते ठरवलं कशाच्या आधारावर? तज्ज्ञ डॉक्टरांनी रुग्णावर पुढे दोन-अडीच वर्षं ठेवलेल्या नजरेच्या. शेवटी कसोटी पुन्हा नजरेचीच! शिवाय हे आकडे नुसत्या पेटचे. एमआरआय जोडल्याने जागा नेमकी कळते, हालचालीची चूक सुधारता येते, दोन फेऱ्या वाचतात. पण अचूकता त्याच पटीत वाढते असं नाही. एमआरआयला हाड नीट दिसत नाही, म्हणून कवटीमुळे पेटच्या मोजमापात चूक शिरू शकते. ती दुरुस्त करणं ही या यंत्राची जुनी डोकेदुखी आहे.

आता आमच्या घरचं. माझे वडील एसटीत होते. २०१२ ला चाल मंदावली, पार्किन्सन म्हणून गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या वर्षीचा एमआरआय नॉर्मल. चार वर्षं गोळ्या वाढत गेल्या, बाबा मात्र पडत राहिले, तेही मागच्या मागे. मग मुंबईतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाले, "काका, मान न हलवता जरा जमिनीकडे बघा." बाबांचे डोळे खाली जाईनात. डॉक्टर माझ्याकडे वळले, "हा पार्किन्सन नाही वाटत. पीएसपी असेल."

१९६४ साली टोरांटोच्या तीन डॉक्टरांनी वर्णन केलेला हा आजार. नंतर नवा एमआरआय केला. मेंदूचा मधला भाग आक्रसून चोच काढलेल्या छोट्या पाखरासारखा दिसत होता. डॉक्टर त्याला हमिंगबर्डची खूण म्हणतात. फोटोने शिक्कामोर्तब केलं, पण शोधलं ते नजरेने. निदान बदलल्याने बाबा बरे झाले नाहीत, २०१८ ला गेले. पण गोळ्या कमी झाल्या, गुंगी उतरली. ते का पडतात हे कळलं, आणि आईने त्यांना "नीट चाला ना हो" म्हणून ओरडणं बंद केलं. निदानाची किंमत मला त्या दिवशी कळली.

म्हणून त्या रिक्षावाल्या भावाला मी स्कॅन कर किंवा करू नको, असं काही सांगितलं नाही. पैसे भरण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचार म्हटलं. एक, या फोटोच्या उत्तराने आईचं औषध बदलणार आहे का? दोन, पेटमध्ये औषध कुठलं देणार? डोपामिन बघणारं औषध साधा कंप आणि पार्किन्सन यातला फरक दाखवतं, पण पार्किन्सन आणि त्याचे चुलतभाऊ वेगळे करायला बहुधा साखर बघणारं लागतं. तीन, रिपोर्ट वाचणारा मेंदूच्या अशा आजारांचे फोटो नेहमी बघतो का?

संध्याकाळी त्याचा फोन आला. "दादा, बांगड्या अजून घरातच आहेत. आधी हालचालीच्या आजारांच्या डॉक्टरला दाखवणार."

आता आपल्यासाठी प्रश्न. वसई-विरारकर मोठ्या मशीनची मागणी करतात, करायलाच हवी. पण त्याआधी सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस का होईना, म्हाताऱ्या माणसाला "जमिनीकडे बघा" म्हणणारा न्यूरोलॉजिस्ट मागूया का? मशीनला वीज लागते, फ्लोरिन लागतं, कोटींचा खर्च लागतो. त्या डॉक्टरांनी आमच्या बाबांना दिली होती फक्त वीस मिनिटं.

तुमच्या घरचा अनुभव कमेंटमध्ये लिहा. रुग्णाचं आणि हॉस्पिटलचं नाव नको, गोष्ट सांगा.