पडद्यावरची स्प्रिंग

जालन्यात लोखंडी सळयांचा धंदा मोठा, त्यामुळे वर्गात दाखवायला तारेची स्प्रिंग हवी असली की मला लांब जावे लागत नसे. ती दिव्यासमोर धरायची. तोंड दिव्याकडे केले की भिंतीवर नुसते वर्तुळ, आडवी धरली की लाट. सावलीत खोली उरत नाही. ऑसिलोस्कोपच्या पडद्याचीही हीच अडचण.

अ‍ॅनालॉग संगणक आकडेमोड करत नाही. त्यात राशींच्या जागी विजेचे दाब असतात. दोन इंटिग्रेटर आणि एक इन्व्हर्टर साखळीने जोडले की साइन व कोसाइन मिळतात. तिसरा इंटिग्रेटर एकसारखा चढत जाणारा दाब देतो. झाली स्प्रिंग! हे सेकंदाला अनेकदा घडवायचे, नाहीतर रेघ पडद्यावर टिकत नाही. पण दाब तीन आणि ठिपक्याला वाटा दोनच, आडवी आणि उभी.

यावरचा उपाय ब्रिटनमध्ये डोनाल्ड मॅके यांनी 1949 मध्येच मांडला होता. तिन्ही दाबांचे योग्य हिस्से मिसळून त्या दोन वाटांवर सोडायचे. पोटेन्शिओमीटरने हिस्से बदलले की वस्तू फिरल्यासारखी दिसते.

आपल्याकडे 1953 मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत समरेंद्र कुमार मित्र यांनी दहा समीकरणे एकदम सोडवणारा अ‍ॅनालॉग संगणक घडवला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक 1960 मध्ये सुरू झाला. तो डिजिटल, तरी आलेख दाखवायला त्यालाही कॅथोड किरण नळी जोडलेली होती. आकडे वाचण्यापेक्षा आकार पाहावा, ही ओढ दोन्ही जातींच्या यंत्रांत सारखीच!

पुढे मी 741 क्रमांकाच्या चिपा जोडून जालन्यात हा खेळ मांडला. हिरवी स्प्रिंग पडद्यावर वळू लागली. पोरे खूश. एकाने मात्र विचारले, "सर, जवळचे टोक कोणते?"

मला सांगता येईना. डावखुरी की उजवी, हेही त्या रेघेवरून ठरत नव्हते. मग खोलीचा दाब ऑसिलोस्कोपच्या मागच्या, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या जोडणीला दिला. जवळचे टोक उजळले, लांबचे मंदावले. सगळ्यांना पटले.

"आणि हा दाब उलटा दिला तर?" पुन्हा तोच.

उलटा दिला. रेघ तीच, पण लांबचे टोक सरळ आमच्याकडे आले. तासाची घंटा होऊन गेली होती. कोणी उठले नाही.